दोन सामन्यांच्या मधला वेळ

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की आपल्या घरात दोनच प्रश्न विचारले जातात. मुलगा निघताना, "कुणाबरोबर मॅच आहे?" आणि दिवेलागणीला परत आल्यावर, "जिंकलास का हरलास?" पोरगा एका शब्दात उत्तर देतो, हातपाय धुतो, भाकरी खातो आणि झोपतो. आपण समजतो, विषय संपला. परंतु सकाळी सहाला घर सोडलेले आपले लेकरू दिवसभर होते कुठे, कुणाबरोबर बसले, काय खाल्ले, काय बोलले, काय ऐकून घेतले, हे आपण विचारत नाही. खेळाचे सरही निकालाचाच कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतात.

जरा हिशोब मांडून पाहू या. समजा, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला मुलींचे १६ संघ आले आहेत आणि स्पर्धा बाद पद्धतीची आहे. मुलींचा सामना १५ मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. म्हणजे एक सामना ३५ मिनिटांचा. जो संघ अजिंक्यपद मिळवतो तो चार सामने खेळतो. चार सामन्यांचे झाले १४० मिनिटे, म्हणजे २ तास २० मिनिटे. जो संघ पहिल्याच फेरीत हरतो त्याचे झाले अवघे ३५ मिनिटे. तालुक्याला संघ जास्त आणि वेळ कमी असला की डाव त्याहूनही आखूड केले जातात. आणि घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत वेळ किती गेला? बारा-तेरा तास! त्यातही कबड्डीच्या संघात १२ जण, मैदानात ७. उरलेल्या पाचजणांना कदाचित दिवसभरात एकदाही रेषेच्या आत पाय टाकायला मिळत नाही.

मग खेळ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो दिवसाचा लहानसा तुकडा झाला. बाकी सगळा दिवस बसण्याचा, थांबण्याचा, वाट पाहण्याचा. आणि माणूस कसा आहे हे कळते ते या मोकळ्या वेळातच. मैदानात पंचाची शिट्टी असते, नियम असतात, चुकले की बाद व्हावे लागते. मैदानाबाहेर ना शिट्टी ना रेषा.

राधानगरीची वाट

आपल्या राधानगरी तालुक्यात तर ही वाट पाहणे अधिकच लांबते. तालुका पसरलेला. एक टोक कोल्हापूरकडच्या उसाच्या मळ्यांत, तर दुसरे दाजीपूरच्या जंगलात, गव्यांच्या अभयारण्यात. घाटाकडच्या वाडीतल्या मुलाला तालुक्याच्या मैदानावर सकाळी नऊला हजर राहायचे तर पहाटे उठून पहिली एस.टी. गाठावी लागते. ती चुकली तर वडाप. जीपमध्ये मांडीवर मांडी घालून पोरे येतात. शालेय स्पर्धांचे दिवसही नेमके पावसाळ्याच्या पोटातले. सर आली की मैदानाचा चिखल होतो, खेळ थांबतो आणि सगळे संघ शाळेच्या व्हरांड्यात गोळा होतात. ज्या शाळेविरुद्ध तासाभराने खेळायचे त्याच शाळेची पोरे खांबाला टेकून समोर बसलेली असतात. ओले कपडे, रिकामे पोट, मनात धाकधूक आणि हाताला काम नाही. अशा वेळी एखादा टोमणा पुरेसा होतो.

याच तालुक्यात कांबळवाडी नावाचे गाव आहे. तिथला स्वप्नील कुसाळे हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा मुलगा. २००९ साली तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन प्रकारांच्या नेमबाजीत त्याने कांस्यपदक जिंकले. आपल्याकडे त्याच्या पदकाची मिरवणूक सर्वांनी पाहिली, पण त्याचा खेळ कसा आहे ते थोड्यांनी पाहिले. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून, असे तीन प्रकारांनी नेम धरायचा. प्राथमिक फेरीत ६० गोळ्या, अंतिम फेरीत ४५. एक गोळी सुटली की पुढची सुटेपर्यंत श्वास आवरायचा, मन आवरायचे. एक प्रकार संपला की दुसऱ्यासाठी सगळी मांडामांड नव्याने करायची. शेजारच्याचे गुण किती झाले, गर्दी कुणासाठी ओरडते, हे कानांवर येतच असते. प्राथमिक फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीतही सुरुवातीला मागेच होता, आणि उभे राहून मारायच्या टप्प्यात पुढे सरकून त्याने पदक घेतले. मागे पडलेले असताना दोन गोळ्यांमधल्या वेळात जो ढळला नाही, त्याने पदक आणले. आपल्या मुलांना यापेक्षा जवळचा धडा कुठला?

आणि खो-खो तर आपला मातीतला खेळ. त्यात आठजण चौकोनात बसलेले असतात, एकाचे तोंड इकडे तर दुसऱ्याचे तिकडे, आणि नववा पळत असतो. हातातोंडाशी आलेला गडी समोरून निसटताना दिसतो, तरी खो मिळेपर्यंत उठायचे नाही. उठला तर चूक. अर्थात बसलेला खेळाडू झोपलेला नसतो. त्याचे पाय तयार असतात, डोळे गड्यावर असतात. बसून राहणे हा खेळातलाच भाग आहे, हे या खेळाने आपल्याला केव्हाचे शिकवून ठेवले आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही, नेपाळला हरवून तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते.

विश्रांती हा हक्क आहे

मोकळा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असे समजणारे पालक आणि शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे.

खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राला असे पदक मिळायला ७२ वर्षे लागली, आणि ते राधानगरीच्या पोराने आणले.

परंतु खाशाबांच्या त्या कुस्त्यांची एक बाजू आपण पोरांना सांगत नाही. जपानच्या पैलवानाबरोबर त्यांची कुस्ती लांबली, अंग पिळवटून निघाले. ती संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या पैलवानाविरुद्ध उतरायला सांगण्यात आले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण तो नियम पंचांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि ती कुस्ती हरले. सुवर्ण मिळाले असते की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. पण हक्काचा अर्धा तास त्यांना मिळाला नाही आणि तो मागून घेणारे कुणी जवळ नव्हते.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, दोन सामन्यांच्या मधला वेळ हा खेळाडूचा हक्क आहे. त्यात त्याने पाणी प्यावे, थोडे खावे, पाय लांब करून बसावे. तो वेळ गावभर हिंडण्यात, आरडाओरडीत, धक्काबुक्कीत घालवला तर दुसऱ्या डावात दम लागणारच. दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. पोरे मैदानावर आणि संघाबरोबर आलेले सर चहाच्या गाडीवर, असे होता कामा नये. नियम माहीत असलेले मोठे माणूस जवळ नसले की नुकसान होते ते पोरांचे.

मंडपाबाहेरचा चहा

आता जरा नाजूक विषयाकडे येऊ. आपल्या लोकांना हा विषय नवा नाही.

पळवणकर बाळू हे नाव आजच्या क्रिकेटवेड्या मुलांना ठाऊक नसते. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्याला इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदान राखायचे काम करता करता गोलंदाजी शिकला. त्याची गोलंदाजी एवढी धारदार, की पुण्यातल्या हिंदू संघाला त्याला घ्यावेच लागले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळत. पण चहापानाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत बसत आणि बाळूला चहा बाहेर मिळे, मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूने तिथे ११४ बळी घेतले. पुढे १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. पण तिथवर पोचायला या भावंडांना किती चहाच्या सुट्ट्या बाहेर काढाव्या लागल्या असतील, याचा विचार करा.

म्हणजे भेदाभेद चेंडूने पाळला नाही, तो पाळला चहाच्या सुट्टीने. खेळ चालू असताना गुण हवे असतात, म्हणून सगळे एक. खेळ थांबला की जो तो आपल्या जागी. बाबासाहेबांच्या साताऱ्याच्या शाळेतही असेच होते. वर्गात शिकायला परवानगी, पण तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतील तेव्हाच प्यायचे, आणि शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे.

आपल्या कोल्हापूरने याला उत्तरही दिले आहे. गंगाराम कांबळे हा राजवाड्याच्या पागेतला नोकर. वरच्या जातीच्या हौदातल्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामला स्वतःच्या पायावर उभे राहायला मदत केली. गंगारामने चहाचे दुकान घातले. त्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागला. कायदा तर महाराजांनी केलाच होता. १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. पण एक कप चहा घ्यायला ते स्वतः गेले. कायद्याने जागा मिळते, पण पंगतीत बसवायला माणूस लागतो.

आज आपल्या मुलाला कुणी मातीच्या भांड्यात चहा देत नाही, हे खरे. संघातली बरीच मुले एका ताटात जेवतात, एकमेकांचे बूट घालून खेळतात, हेही खरे आणि आनंदाचे. पण जेवणाची सुट्टी झाल्यावर कोण कुणाशेजारी बसले, कुणाच्या डब्यात सगळ्यांचे हात गेले आणि कुणाचा डबा न उघडताच परत घरी आला, याकडे जरूर लक्ष द्या. खेळताना "शाब्बास!" म्हणणारी पोरे जेवताना पाठ करून बसतात का, हे सरांनी पाहिले पाहिजे. वेगळे बोलून दाखवायची गरज नाही. सरांनी सगळ्यांचे डबे एका सतरंजीवर उघडायला लावावेत आणि प्रत्येक डब्यातला घास आपण स्वतः घ्यावा. एवढे केले तरी पोरांना कळते.

आणि आपल्या मुलांनाही सांगायला हवे. आपला डबा झाकून खाऊ नका. चटणी-भाकरी असेल तर चटणी-भाकरी. संघातले एखादे पोर कोपऱ्यात एकटेच बसले असेल, मग ते कुठल्याही जातीचे असो, त्याला हाक मारून जवळ बसवा. ज्यांना पंगतीबाहेर बसवले गेले त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला पंगतीबाहेर ठेवू नये.

टोमणा आला तर

सामन्याच्या आधी समोरच्या संघाला डिवचण्याची एक वाईट चाल पडली आहे. कुणाच्या बुटावरून, कुणाच्या रंगावरून, कुणाच्या गावावरून बोलायचे. आणि कधी कधी गोष्ट जातीवर येते. मैदानावर अंगाला अंग लागते तेव्हा रक्त गरम असते. पण ठिणगी बहुतेक वेळा आधीच्या रिकाम्या तासात पडलेली असते.

राधानगरीच्या धरणाचे दरवाजे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की बंद होतो. त्यामुळे धरण फुटत नाही. पोरांच्या रागालाही असा दरवाजा हवा. तो नसला तर राग साचतो आणि मग हातघाईवर येतो. हातघाई झाली की शिक्षा कुणाला होते? बहुधा जो नंतर उठला त्याला, कारण पंचाने पाहिलेले असते ते उत्तर. आधीचा टोमणा कुणी ऐकलेला नसतो.

तेव्हा मुलांना आधीच समजावून ठेवा. कुणी जातीवरून बोलले तर मारामारी करायची नाही आणि गपगुमान गिळूनही बसायचे नाही. ताबडतोब कर्णधाराला सांगायचे. कर्णधाराने सरांना सांगायचे. सरांनी स्पर्धेच्या संयोजकांना आणि मुख्य पंचांना सांगायचे, आणि गोष्ट गंभीर असेल तर लेखी द्यायचे. काय शब्द वापरले, किती वाजता, कुठे, कोण कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून काढायचे. जातिवाचक अपमानाविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, हे मोठ्यांनी ध्यानात ठेवावे. समोर शाळेतली मुलेच असतील तर दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी पालकांना घेऊन बसावे आणि त्या मुलाला समज द्यावी. त्याला धडा मिळावा आणि आपल्या मुलाला पाठबळ मिळावे, दोन्ही हवे.

आणि तोच नियम आपल्यालाही लागू. आपल्या पोराने समोरच्या संघातल्या काळ्या, जाड्या, तोतऱ्या, गरीब पोराची टवाळी केली तर ती चालणार नाही. तथागतांनी सांगितलेली सम्यक वाचा फक्त विहारात वंदनेच्या वेळी पाळायची नसते. व्हरांड्यात, पाऊस पडत असताना, करायला काही नसताना ती पाळली तर खरी.

मुलींची गोष्ट

मुलींच्या संघाचा मोकळा वेळ वेगळा असतो. मुले कपडे बदलायला झाडाआड जातात, मुलींनी कुठे जावे? ज्या शाळेत स्पर्धा आहे तिथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावात, असा प्रकार कितीतरी ठिकाणी होतो. मग मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी न पिता कबड्डी खेळतात. पाळी आलेली असेल तर सांगायची सोय नाही. संघाबरोबर फक्त पुरुष शिक्षक असला तर ती मुलगी एखाद्या मैत्रिणीच्या कानात सांगते आणि पोटात दुखत असताना चढाईला जाते.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका असलीच पाहिजे. शाळेत शिक्षिका नसेल तर एखाद्या खेळाडूच्या आईने जावे, एक दिवसाची मजुरी बुडाली तरी जावे. संघाच्या पिशवीत प्रथमोपचाराच्या सामानाबरोबर सॅनिटरी पॅड असावेत. पोहोचल्याबरोबर पहिले काम, एक खोली आणि स्वच्छतागृहाची किल्ली मागून घेणे. मैदानाच्या कडेला उभे राहून मुलींवर शेरे मारणारी टोळकी असतात. त्यांना हटवायचे काम संयोजकांचे आहे, मुलींनी मान खाली घालायचे नाही.

हे सगळे एवढ्यासाठी सांगायचे की मुलींचा खेळ बहुधा मैदानावर सुटत नाही, तो या मधल्या वेळेत सुटतो. परतायला रात्र झाली, एस.टी. चुकली, कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, गावात चर्चा झाली, आणि पुढच्या वर्षी बापाने सांगितले, "बास झाला खेळ." चांगली चढाई करणारी पोरगी घरी बसते. दोष तिचा नसतो. दोष असतो तो तिच्या दिवसाची व्यवस्था न लावणाऱ्या मोठ्यांचा. मुक्कामाच्या स्पर्धेत कुणी, मग तो शिक्षक असो, मोठा खेळाडू असो की परका, मुलाशी किंवा मुलीशी गैर वागला तर गप्प बसायचे नाही. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो पाठ करून द्या.

मोबाईल, नदी आणि टपरी

मोकळ्या वेळेचे तीन वैरी सांगतो.

पहिला मोबाईल. पूर्वी पोरे व्हरांड्यात अंताक्षरी लावीत, दुसऱ्यांचा सामना पाहत. आता चौघे एका मोबाईलवर माना घालून बसतात. डोळे थकतात, मान अवघडते आणि समोर ज्यांच्याशी उपांत्य सामना खेळायचा त्यांचा चढाईपटू कुठल्या पायाने बोनस घेतो ते पाहायचे राहून जाते. शिवाय हरलेल्या संघाचे, पडलेल्या पोराचे चित्रण काढून सगळीकडे पसरवायचे, ही नवी खोड. ती क्रूर आहे. संघाचा एकच मोबाईल सरांजवळ असावा, घरी निरोप देण्यापुरता.

दुसरी नदी. राधानगरीला आलेल्या पोरांना भोगावतीचे पाणी आणि धरण बोलावते. पावसाळ्यात पाण्याला ओढ असते, दरवाजा उघडला की पाणी अचानक वाढते. पट्टीचा पोहणारा असला तरी दुपारच्या वेळी चार दोस्तांबरोबर गुपचूप नदीवर जायचे नाही, हे सक्त सांगा. धरण पाहायचेच तर सामने संपल्यावर सरांबरोबर, लांबून.

तिसरी टपरी. गुटख्याची पुडी महाराष्ट्रात बंदी असूनही कुठे ना कुठे मिळतेच. संघातली मोठी पोरे लहानांना आणायला पाठवतात. पहिली पुडी पोर घरात खात नाही, अशाच रिकाम्या वेळी, अशाच संगतीत खाते.

मग करायचे काय? हाताला काम द्या. राखीव पाचजणांतला एक दुसऱ्या सामन्याचे गुण वहीत लिहील. दोघे समोरच्या संघाचा खेळ पाहून कर्णधाराला सांगतील. एक पाण्याची कळशी सांभाळील. एकाकडे सामानाची जबाबदारी. मैदानात उतरायला न मिळालेल्या पोरालाही मग वाटते, आपण संघात आहोत. पिशवीत दोन पुस्तके टाका, बुद्धिबळाचा पट टाका. सामन्याआधी वीस मिनिटे अंग मोकळे करायचे, त्याच्या आधी अर्धा तास शांत बसायचे. आणि दुसऱ्या शाळेच्या चांगल्या पकडीला टाळ्या वाजवायच्या. त्याने आपले काही कमी होत नाही.

हरल्यानंतरचा तास

सगळ्यांत अवघड मोकळा वेळ म्हणजे पहिल्या फेरीत हरल्यानंतरचा. सकाळी अकराला हरलो आणि गाडी संध्याकाळची. इथे पोरे बिघडतात. पंचाला शिव्या, बाकावर लाथा, कागद-पिशव्यांचा उकिरडा.

२०१८ साली रशियात फुटबॉलचा विश्वचषक झाला. जपानचा संघ बेल्जियमविरुद्ध दोन गोलांनी पुढे होता आणि अखेर ३-२ असा हरला, तोही शेवटच्या क्षणी. एवढे जिव्हारी लागल्यावरही त्या संघाने आपली खोली झाडूनपुसून लख्ख केली आणि जाताना रशियन भाषेत 'आभारी आहोत' अशी चिठ्ठी ठेवली. त्यांच्या प्रेक्षकांनीही स्टेडियममधला आपला कचरा स्वतः उचलला. जगाने तो सामना विसरला असेल, ती खोली विसरला नाही.

आपल्याला ज्या शाळेने व्हरांडा दिला तो निघताना झाडून निघावे. मात्र एक लक्षात ठेवा. झाडू ठरावीक पोरांच्याच हातात जाता कामा नये. कर्णधाराने पहिला झाडू उचलावा, सगळ्यांनी मिळून झाडावे. आपल्या समाजाला झाडूचा इतिहास ठाऊक आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आणि जिंकलो तर? जिंकलेल्याने हरलेल्याच्या समोर नाचू नये. आधी हात मिळवावा, मग गुलाल.

घरच्यांनी काय करावे

आपण कष्टकरी माणसे. कुणी उसाच्या फडात, कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी मुंबईला कारखान्यात. पोराच्या मॅचला जायला रजा मिळत नाही. हरकत नाही. पण एवढे तरी होऊ शकते.

आदल्या रात्री लवकर झोपवा. डबा दोन वेळचा द्या. सकाळी भाकरी-भाजी, आणि मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे, एखादे केळे. सामन्याच्या तोंडावर वडा-मिसळ खाऊ नको म्हणावे. पाण्याची बाटली, त्यात लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. एक कोरडा शर्ट आणि टॉवेल. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात. सरांचा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. ओळखपत्र आणि जन्मतारखेचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मिळालेले प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा, त्याला घड्या घालू नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते वरच्या पातळीच्या कामगिरीवर मिळते आणि त्यासाठी कागदपत्रांची पडताळणी होते. दहावी-बारावीला वाढीव गुणांचीही तरतूद आहे. तालुक्याच्या चिखलातूनच जिल्ह्याला आणि पुढे राज्याला रस्ता जातो. पण मैदानाबाहेरच्या एका भांडणाने संघ बाद झाला तर बाराच्या बाराजणांचा रस्ता बंद होतो, हे पोराला समजावून सांगा.

आणि पोर परत आले की निकालाच्या आधी दुसरे प्रश्न विचारा. जेवलास का? कुणाबरोबर जेवलास? कुणी काही बोलले का? तू कुणाला काही बोललास का? समोरच्या संघातले कोण चांगले खेळले? पहिल्या दिवशी ते "काय नाय" म्हणेल. दोन-तीन स्पर्धांनंतर सांगू लागेल. मग त्याच्या मनात काय साचले आहे ते आपल्याला कळेल, आणि निकाल तर ते आपण होऊनच सांगेल.